कवेत न मावणारा दगड

गेल्या श्रावणात ओढा असा काही फुगला की गेणबा आणि हैबतराव या दोघा चुलतभावांच्या खाचरांमधला बांध एका दुपारी घेऊन गेला. नुसता बांध नेला असता तरी चाललं असतं. ताम्हिणीच्या अंगाला बांध जाणं हे काही नवल नव्हे. तिथं माणसानं उन्हाळ्यात बांध घालायचे आणि पावसानं ते पाडायचे, हे दोघांचं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं होतं. पण या खेपेला पाण्यानं मोजणीवाल्यांनी पुरलेला दगडही उपटून नेला, वर गुडघाभर गाळ आणून ओतला आणि दोन खाचरांचं एक सपाट मैदान करून ठेवलं. दिवाळीला गाळ वाळला तेव्हा गेणबा काठी घेऊन त्याच्यावर जाऊन उभा राहिला. आपलं कुठं संपतं आणि हैबतरावाचं कुठं सुरू होतं, हे त्याला काही केल्या उमगेना.

गेणबा पन्नाशी ओलांडलेला, हाडापेरानं दांडगा आणि हातांनी लांब माणूस. डोंगराच्या अंगाला त्याची वरकस जमीन होती. तिच्यात नाचणी आणि वरई व्हायची. पण घरात भात यायचा तो एवढ्या एका खाचरातून. बायको रंभाबाई, सून साळूबाई आणि तिची दोन लेकरं त्या भातावर जगत. मुलगा नथू धरणाच्या कामावर दगड फोडायला गेला होता. तिकडं भिंत उभी राहत आली होती आणि तो वर्षाकाठी एखाद-दोन वेळाच घरी यायचा. खाचर गेलं तर बाकीच्यांनाही नथूमागोमाग जावं लागणार होतं, हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

पौडच्या कचेरीत अर्ज करावा तर मोजणीवाला येईल तो पुढच्या वर्षी. तोवर भाताच्या रोपांची आवणी कुणी करायची? हिवाळाभर दोघं भाऊ एकमेकांच्या ओसरीवर बसून हेच बोलले. भांडण म्हणावं असं काही झालं नाही. हैबतराव आवाज चढवणारा माणूसच नव्हता. तो पान जुळवत शांतपणे ऐकून घ्यायचा आणि शेवटी समोरच्याच्या गळ्यात गाठोडं टाकून मोकळा व्हायचा. शिमगा झाल्यावर त्यानं तसंच केलं.

"गेणबा, माजा बा मी रांगत व्हतो तवाच गेला," तो म्हणाला. "मला कुनी हद्द दावली न्हाई. तुला तुज्या बानं दावलीया. तू दगड वळख, वाघजाईचा भंडारा लाव, डोईवर माती घे आन् चाल. तू चालशील ती माजी बी हद्द."

त्या भागात हे जुनं चाललेलं होतं. ज्याला हद्द ठाऊक असेल त्यानं उपाशीपोटी, ओलेत्यानं, डोक्यावर हद्दीची माती घेऊन चालायचं. मागं पाच माणसं दगड रोवत यायची. मग दहा दिवस वाट पाहायची. चालणाऱ्याच्या घरात मरण, आग किंवा जनावराचा घात झाला तर तो खोटा चालला. काही झालं नाही तर खरा चालला आणि ती हद्द कायमची. गेणबाला हे ऐकून बरंच वाटलं. आपल्याला खोटं चालायचं नाही, मग भ्यायचं कशाला, असा त्याचा साधा हिशेब होता.

त्याला दगड आठवत होताच. तो आठ वर्षांचा असताना बाप भिवाजीनं त्याला डोंगराच्या उतारावर नेलं होतं. तिथं एक काळा गोल दगड होता. त्याच्यावर आज्यानं छिन्नीनं खूण केली होती. कोयत्याच्या पात्यासारखी एक वाकडी रेघ आणि तिच्या पोटात एक टिंब. भिवाजीनं दगडाला मिठी मारून दाखवली होती. त्याचे हात पलीकडं पोचत नव्हते. "बग, ह्यो कवंत मावत न्हाई," तो म्हणाला होता. "हितं उबं ऱ्हायचं, समोरच्या सुळक्याकडं त्वांड करायचं आन् नीट वड्यात उतरायचं. डाव्या हाताला आपलं, उजव्या हाताला त्यांचं." एवढं सांगून त्यानं पोराच्या कानाखाली असा आवाज काढला की गेणबा तोंडावर पडला. रडत त्यानं विचारलं होतं, माझं काय चुकलं? बाप म्हणाला होता, काही नाही चुकलं, ध्यानात राहावं म्हणून. आज्यानंही बापाला त्याच दगडापाशी तसंच हाणलं होतं. हद्द दाखवायची ती अशीच, अशी त्या घराची रीत होती.

आणि खरंच ध्यानात राहिलं होतं. पुढं चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्या दगडाशी गेणबाचं काही काम पडलं नाही. खाली बांध धडधडीत दिसत असताना वरचा दगड कुणी बघायला जातो? पण ती थप्पड, तो काळा गोल दगड आणि बापाचे पलीकडं न पोचणारे हात हे तिन्ही एकमेकांना चिकटून त्याच्या डोक्यात बसलेले होते.

वैशाखात तो भाताच्या रोपासाठी राब भाजायचा म्हणून टहाळ तोडायला वर गेला तेव्हा सरळ त्या जागी गेला. करवंदीची जाळी होती. जाळीला लागून एक गोल दगडही होता. गेणबानं पागोटं काढून ठेवलं, दगडाला मिठी मारली, आणि त्याच्या हाताची बोटं पलीकडं एकमेकांत अडकली.

त्यानं हात सोडले आणि पुन्हा मारली. पुन्हा अडकली. दगडाला खूण म्हणावी अशी कुठं रेघ नव्हती. अंग खरबरीत होतं. बुंध्याशी कवचांचे तुकडे आणि पिवळट भुगा पडलेला होता, आणि गेणबाच्या छातीला पिवळी माती लागली होती. आपले हात बापापेक्षा लांब आहेत हे खरं, पण इतके? त्यानं स्वतःचे हात पुढं धरून पाहिले. त्याला क्षणभर असंही वाटलं की आठ वर्षांच्या पोराला सगळंच मोठं दिसतं. पण मोठं दिसणं वेगळं. बापाचे हात पोचले नव्हते, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग तो शोधत निघाला. चाळीसेक पावलं डावीकडं, म्हणजे त्याच्याच बाजूला, उतारावर दुसरा दगड होता. काळा कुळकुळीत, गोल, गुळगुळीत. गेणबानं मिठी मारली तर दोन्ही हातांत वीतभर अंतर राहिलं. त्यानं वळून खाली पाहिलं. दगड हा असेल तर हद्द चाळीस पावलं गेणबाच्या जमिनीत घुसत होती, आणि खालचं गाळाचं खाचर सगळंच्या सगळं हैबतरावाकडं जात होतं.

दिवस कलताना तो घरी आला तेव्हा रंभाबाई दाराशी कोंबड्यांच्या डोणीत पाणी ओतत होती. डोण म्हणजे एक दगडाची खोलगट चीप. नथू पोटात असताना तिनंच ती डोंगरावरून डोक्यावर आणली होती, आणि अशा अवघडल्या अंगानं ओझं उचललं म्हणून सासूच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. गेणबानं त्याच डोणीतलं ओंजळभर पाणी पायावर घेतलं आणि तिला दोन दगडांचं सांगितलं. एक जागेवर आहे पण कवेत मावतो. दुसरा कवेत मावत नाही पण जागेवर नाही.

"मग जागंवरचा घ्यावा की," रंभाबाई म्हणाली. "दगूड का चालत जातुया?"

गेणबा म्हणाला, चालत जात नाही हे खरं, पण आटतही नाही. दगड काय विहिरीचं पाणी आहे? देवीची माती डोक्यावर घ्यायची तर बापानं जे दाखवलं तेच सांगायला हवं. बापानं जागा बोटानं दाखवली होती, पण दगड कवेत घेऊन दाखवला होता. जागेत आपली चूक होईल, चाळीस पावलांची चूक कुणाचीही होते. हातांची चूक कशी होईल? रंभाबाई कोंबड्या डालायला वळली. हद्दीच्या गोष्टी पुरुषांच्या, आणि त्या कोंबड्यांच्या डोणीशी बोलून काय होणार होतं?

गेणबाला मात्र झोप गोड लागेना. तो रोज काही निमित्त काढून वर जायचा आणि दोन्ही दगडांना आळीपाळीनं मिठ्या मारायचा. त्या डोंगरावर दरसाल मेंढरं बसवणारा धुळाजी धनगर हे तीन दिवस बघत होता. धुळाजी गेणबापेक्षाही दहा-पंधरा वर्षांनी थोरला. चौथ्या दिवशी तो काठीवर हनुवटी टेकून जवळ आला आणि म्हणाला,

"गेनबा, ह्यो थोरला दगूड मी तरना व्हतो तवा हितं नव्हता."

"नव्हता म्हंजी? कुनी आनून ठिवला का?"

"कुनी न्हाई आनला. भुईतनं वर आला. पैल्यांदा पालथ्या परातीवानी दिसायचा, त्याच्यावर आमी भाकरी खायला बसायचो. आता तुज्या छातीला लागाय लागला."

गेणबानं दोन्ही दगडांकडं पाहिलं. एक दगड लहान झाला म्हणावं आणि एक मोठा झाला म्हणावं, तर मग माणसानं धरून उभं राहायचं कशाला? त्यानं ही गोष्ट खाली येऊन कोंडिबा गुरवाला सांगितली. कोंडिबा पोट धरून हसला. डोंगरावर एकट्यानं राहिलं की दगडही वाढायला लागतात, असं म्हणाला. हैबतराव हसला नाही. तो पान जुळवत एवढंच म्हणाला की तू म्हणशील तो दगड. बारका म्हण, थोरला म्हण. देवीला सांगून म्हण.

तो "बारका म्हण" म्हणाला नसता तर बरं झालं असतं. गेणबाला वाटलं, बारका म्हणणं सोपं आहे, त्यात आपला फायदा आहे, म्हणूनच ते खोटं असेल. गरिबाच्या घरी खरेपणाची अशी एक घमेंड असते. तिचा उपयोग काही नसतो, पण ती सोडवत नाही.

ज्येष्ठात पाऊस लागून आठ दिवस झाले होते. मध्ये एक सकाळ उघडीप मिळाली, तेव्हा चालायचं ठरलं. गेणबानं ओढ्यात बुडी मारली. ओल्या धोतरानंच तो वर आला. कोंडिबानं कपाळाला भंडारा लावला. मागं पाच माणसं, त्यांच्यामागं हैबतराव, आणि बऱ्याच मागं बाया. गेणबा आधी बारक्या दगडापाशी थांबला. सगळ्यांसमोर त्यानं मिठी मारली आणि बोटं अडकलेली दाखवली. मग तो थोरल्या दगडापाशी गेला. तिथं हात पोचले नाहीत. कुणी तरी शेवाळ खरवडलं तर खाली एक वाकडी रेघ निघाली.

"रेघ हाय, पर टिंब कुटं हाय?" गेणबानं विचारलं.

पावसानं पुसलं असेल, असं कोंडिबा म्हणाला. इतक्या वर्षांच्या पावसापुढं टिंब काय टिकतं, यावर पाचही जणांनी माना डोलावल्या. टिंब पुसलं जातं हे सगळ्यांना लगेच पटलं. त्यापुढचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही, आणि गेणबाच्या मनात जे येऊ बघत होतं ते त्या गर्दीत त्याला धरता आलं नाही.

त्यानं थोरल्या दगडाच्या बुंध्याची माती टोपलीत घेतली, टोपली डोक्यावर ठेवली, सुळक्याकडं तोंड केलं आणि चालू लागला. ओली माती पाझरून त्याच्या कानांवरून, मानेवरून खाली येत होती. पावलं जड पडत होती. मागं दगड रोवल्याचे आवाज येत होते. खाचरात उतरला तेव्हा त्याचे पाय पोटरीपर्यंत गाळात गेले. डाव्या हाताला राहिली होती ओढ्याकाठची खडकाळ चिंचोळी पट्टी, आणि उजव्या हाताला सगळं खाचर. आपण काय करतोय हे त्याला दिसत होतं, तरी तो मागं वळला नाही. वळायचं नसतंच. ओढ्यात जाऊन त्यानं टोपली पालथी केली आणि तिथंच पाण्यात खाली बसला. हैबतरावानं पुढं होऊन त्याला हात देऊन उठवलं. "खरा मानूस हायेस गेणबा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरासा ओला झाला होता. तो खोटा ओला नसावा.

मग दहा दिवस सुरू झाले. गेणबाच्या घरात सगळे दबकून वागत. साळूबाई चूल विझवल्यावर दोनदा राख चाळून बघायची. सहाव्या दिवशी वासरू खोकलं आणि गेणबा दिवसभर त्याच्यापाशी बसला. पण खरं सांगायचं तर त्याच्या मनात चोरटं काही तरी चाललं होतं. वासरू दगावलं तर आपण खोटे ठरू, आणि खोटे ठरलो तर खाचर परत येईल. हे मनात आलं की तो स्वतःच्या तोंडात मारून घ्यायचा आणि वासराला कण्या भरवायचा. वासरू दुसऱ्या दिवशी उड्या मारायला लागलं. दहा दिवस सरले. घरातली मुंगीसुद्धा मेली नाही. गावानं सांगितलं, गेणबा खरा चालला. गेणबालाही वाटलं, चला, खरे तर ठरलो. पण त्यानं ना त्याचं जेवण वाढलं ना झोप.

हैबतरावानं नवा बांध घातला. आषाढ लागला आणि रंभाबाईचं रोप हातभर वाढलं. राब तिनं सगळं खाचर हिशेबात धरून भाजला होता, त्यामुळं रोप उदंड होतं आणि लावायला जमीन नव्हती. हैबतरावाकडं उलटं झालं होतं, जमीन वाढली आणि रोप कमी पडलं. हैबतरावाची बायको चंद्राबाई एका सकाळी आली, दारातच उभी राहिली, पदराशी चाळा करत म्हणाली की तुझं रोप पिवळं पडायला लागलंय, ते आम्ही नेतो, आणि आवणीला सावड कर, मी तुझ्या नाचणीला येईन. रोप थांबत नाही. ते वेळेवर चिखलात गेलं नाही तर बैलाला घालावं लागतं. शेवटी ती हो म्हणाली आणि इरलं डोक्यावर घेऊन निघाली. आपण भाजलेल्या राबाचं रोप आपण कालपर्यंत आपल्या म्हटलेल्या खाचरात दुसऱ्यासाठी लावत ती वाकून उभी राहिली. गेणबा त्या बाजूला तोंड करून बसेनासाच झाला.

त्याच दुपारी नथू आला. पावसानं धरणाचं काम थंडावलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कुदळीसारखे झालेले आपले हात बघत बसला. वळचणीचं पाणी कोंबड्यांच्या डोणीत पडून अंगणभर उडत होतं. काही तरी करायचं म्हणून तो उठला आणि डोण सरकवायला गेला. ती त्यानं कडेवर उभी केली, पाणी ओतून दिलं, आणि तसाच धरून राहिला.

"बा, हितं छिन्नी कुनी मारलीया?"

गेणबा उठून आला. डोणीच्या पाठीला, जी बाजू पंचवीस वर्षं भुईकडं तोंड करून पडली होती, तिच्यावर चिखल होता. नथूनं तो अंगठ्यानं पुसला. वाकडी रेघ, कोयत्याच्या पात्यासारखी. तिच्या पोटात टिंब. काल ठोकल्यासारखं.

गेणबाला आधी काहीच कळेना. आज्याची खूण आपल्या दारात कशी? ती दगडावर होती. दगड डोंगरावर आहे. त्यानं डोणीला हात लावला, मग कपाळाला लावला. साळूबाई धावत जाऊन खाचरातून सासूला घेऊन आली. रंभाबाई कोपरापर्यंत चिखलात होती. डोण कुठून आणली, असं गेणबानं विचारलं.

"करवंदीच्या जाळीपासली," ती म्हणाली. "त्यो बारका दगूड हाय न्हवं, त्येच्याच अंगाची. त्येला टेकून पडली व्हती, फनसाच्या सालीवानी. हातानं वडली तर निघाली."

"आन् आजवर बोलली न्हाईस?"

"मला कुनी इचारलं?" ती म्हणाली. "कोंबड्यांला पानी हुईल म्हनून आनली. खालनं काय हाय ते मी कशाला बगू?"

नथू मात्र चकित झाला नव्हता. तो म्हणाला, आमच्या खाणीत सगळे दगड असेच. वरून एक साल निघते, ती काढली की दुसरी. सालीखाली पिवळी माती, मातीखाली पुन्हा दगड. मिस्त्री सांगतो की आधी साल काढा, आतला ठणठणीत गोळा लागला की तोच भिंतीला घ्या. उन्हानं तापतो, पावसानं भिजतो, सुटत जातो, अंगावर आपोआप वाकड्या रेघाही पडतात. दगड वरून झिजतो आणि भोवतालची माती धुपली की पुरलेला गोळा उघडा पडतो. हे त्यानं इतक्या सहज सांगितलं की गेणबाला त्याच्या मुस्कटात मारावंसं वाटलं. एवढं ठाऊक होतं तर हा शिमग्याला कुठं होता?

दोघांनी डोण उचलली आणि भुरभुर पावसात वर नेली. नथूनं बारक्या दगडाभोवती फिरून तिची कड कुठं बसते ते पाहिलं. एका अंगाला साल सुटल्याची जागा होती. तिथं त्यानं डोण लावली, जरा फिरवली, आणि ती बसली. भांड्यावर त्याचं झाकण बसावं तशी. खूण बरोबर सुळक्याकडं तोंड करून होती.

गेणबानं नथूला डोण धरून ठेवायला सांगितलं आणि मिठी मारली. गाल दगडाला लावून त्यानं हात ताणले, खांदे ताणले, टाचा उचलल्या. बोटं पलीकडं पोचली नाहीत. चार बोटांचं अंतर राहिलं. नथूनं ते मोजून सांगितलं. गेणबा तसाच दगडाला चिकटून उभा राहिला आणि त्याला हुंदका आला. बापाच्या छातीशी ओढलं गेल्यासारखं त्याला वाटलं.

खाली आवणी थांबली होती. रंभाबाईनं काही तरी सांगितलं असावं, कारण हैबतराव घोंगडी डोक्यावर घेऊन चढण चढत आला. त्यानं डोण पाहिली, खूण पाहिली, भोवती पडलेली कवचं पायानं सरकवून पाहिली. मग त्यानंही घोंगडी बाजूला ठेवून मिठी मारली. त्याचे हात तर त्याहून तोकडे.

"हैबत, ह्योच दगड हाय," गेणबा म्हणाला.

"दिसतुया," हैबतराव म्हणाला. "पर तू त्या दगडापासनं चाललास."

"चुकलो."

"तू चुकलास म्हनतोस. मग दहा दिस झालं, तुज्या घरात कोंबडं बी मेलं न्हाई, ते कसं? मी चाललो नव्हतो, मी म्हनलो बी नव्हतो त्यो थोरला धर. तू देवीची माती घेतलीस, देवीनं ती मानली. आता मी ती मोडू का? माज्या घरात काय झालं तर?"

त्याच्या बोलण्यात लबाडी किती आणि भय किती हे गेणबाला सांगता येईना. बहुतेक हैबतरावालाही येत नसावं. त्यानं घोंगडी उचलली, दोन पावलं गेला, परत आला आणि म्हणाला की भात झालं की चार पायल्या घरी पाठवीन. गेणबानं मान खाली घातली. हैबतराव उतरून गेला. खाली पुन्हा बायकांच्या रांगा वाकल्या. त्यात रंभाबाईचं इरलं कडेला होतं.

नथू म्हणाला की ही डोण घेऊन पौडला जाऊ, साहेबापुढं ठेवू. गेणबानं ऐकलं. जावं, असंही त्याला वाटलं. पण तिथं जाऊन काय सांगायचं? आपण देवीपुढं खोटं चाललो, असं? आणि खोटं चाललो तर देवी गप्प का बसली? की तीही त्या दिवशी हात ताणून बघत होती आणि तिलाही कळलं नव्हतं? दगड खरा होता. बाप खरा होता. आपणही एक शब्द खोटा बोललो नाही. तरी खाचर गेलं, आणि नेलं कुणी, हे कुणाकडं बोट करून सांगता येत नव्हतं. ओढ्याकडं? पावसाकडं? एवढं मात्र त्याला कळत होतं की आपलं वय झालं आहे आणि हद्द मुलाला दाखवायची राहिली आहे.

"नथू, हितं ये. मिठी मार."

नथूनं डोण गुडघ्यानं दाबून धरली आणि मिठी मारली. त्याचेही हात पोचले नाहीत. तो सरळ उभा राहून बापाकडं वळला आणि गेणबानं त्याच्या कानाखाली सगळ्या बळानं ओढली. दोन लेकरांचा बाप असलेला तो गडी धडपडला. डोण सुटली, घसरली आणि दगडावर आपटून तिचे दोन तुकडे झाले. एका तुकड्यावर रेघ राहिली आणि दुसऱ्यावर टिंब.

नथू गाल धरून उभा होता. "कशापायी मारलंत?"

"ध्येनात ऱ्हावं म्हनून."

"काय ध्येनात ठिवू, बा? ह्यो दगूड, का त्यो?"

गेणबानं या दगडाकडं पाहिलं, चाळीस पावलांवरच्या त्या दगडाकडं पाहिलं, खाली हिरवं होत चाललेल्या खाचराकडं पाहिलं. त्याच्या बापाला हे सांगता आलं होतं, आज्यालाही आलं होतं. पाऊस वाढला होता. आधारासाठी त्यानं दगडावर हात टेकला. हात काढून घेतला तेव्हा तळव्याला पिवळा भुगा लागून आला, आणि तो पुसावा की पुन्हा दगडाला लावावा हे न कळून गेणबा तसाच हात पुढं धरून उभा राहिला.